नुसतं ‘बळी पडू नका’ सांगताय, काम कुठं आहे ते पण सांगा : सांगलीच्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्याचे पालकमंत्री, खासदारसाहेब, आठही आमदार आणि जिल्हा प्रशासनातले साहेब-मॅडम,

स.न.वि.वि.

पत्राचं कारण आधी सांगते. यंदा संक्रांतीला आमच्या भागात हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम झाला, कुणी भरवला ते जाऊ दे, सगळ्याच पक्षांचे होतात. वाण म्हणून झाकणावर फोटो चिकटवलेला स्टीलचा डबा मिळाला आणि डब्यात एक रंगीत कागद, त्यावर “महिलांनो, घरबसल्या कमाईच्या आमिषाला बळी पडू नका, सावध राहा”. वर स्टेजवरून एका पाहुण्यांनी तेच अजून फोडून सांगितलं, की बायकांनी झटपट पैशाचा लोभ धरू नये, मोबाईल कमी बघावा, पोराबाळांकडं लक्ष द्यावं. टाळ्या पण पडल्या. माझ्या घशाखाली काही ते उतरलं नाही. त्या मांडवात माझ्या ओळखीच्या तीन-चार जणी अशा बसलेल्या की ज्यांचे पैसे अशाच कामाच्या नावाखाली गेलेत आणि त्यातल्या एकीलाही झटपट पैसा नको होता. महिन्याला पाच-सहा हजार मिळतील असं, घरून होणारं, रोज चार तासांचं काम पाहिजे होतं बस. याला लोभ म्हणायचं असेल तर मग कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा प्रत्येक माणूस लोभीच म्हणायला पाहिजे.

मी कोण ते पण सांगते म्हणजे कुठल्या पक्षाची बाई आहे ही शंका नको. मी सांगलीतच बीकॉम झाले, टॅली शिकले, गणपती पेठेत एका व्यापाऱ्याकडं हिशेब लिहायला होते. पोरगी झाल्यावर ते काम सुटलं, सुटलं म्हणजे पोरीला ठेवायचं कुठं याचं उत्तर मिळालं नाही आणि त्याच वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले. आता घरूनच काही छोट्या दुकानदारांचं जीएसटीचं काम बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी अशी रिटर्न भरायची असतात, त्या तारखा जवळ आल्या की आमच्या घरात कुणाला आजारी पडायची पण परवानगी नसते, आणि नेमकं २० तारखेला पोर्टल फिरत बसतं आणि इथं लाईट जाते. तरी काम आहे, पैसे वेळेवर येतात, मी खूश आहे. पण हे काम मला कुठल्या योजनेतनं मिळालेलं नाही, जुन्या शेठजींनी त्यांच्या मेहुण्याला माझा नंबर दिला आणि मेहुण्यानं अजून दोघांना, असं मिळालंय. म्हणजे ओळखीवर. ज्यांची अशी ओळख नाही त्या काय करणार, त्या फेसबुक उघडतात.

आणि या बायका कोण म्हणाल तर अडाणी नाहीत ओ. डीएड होऊन भरतीची वाट बघून थकलेल्या आहेत, बीएस्सी आहेत, एमएससीआयटी तर सगळ्यांचीच झालेली असते, एक तर पुण्यात आयटी कंपनीत होती, नवऱ्याची बदली झाली म्हणून इकडं आली. पोराची शाळा दुपारपर्यंत, दोन घास करून घालायला घरी कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण ते तुम्हाला माहितीये. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आलंय की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८ मिनिटं. त्यात पोरांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं बघणं धरलेलं नाही, ते वेगळं, बायका १३७ आणि पुरुष ७५. मी काही आकडे घेऊन नवऱ्याशी भांडायला बसत नाही, पण “घरी बसून असतात” असं जे सगळे म्हणतात ना, ते बसणं एवढं असतं. त्यातनं उरलेल्या तासांना काम शोधतोय आम्ही.

आता तुम्ही ज्याला आमिष म्हणता ते घरात कसं येतं ते बघा, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते आतनं बघितलेलं नसणार.

माझ्या धाकट्या जावेला व्हॉट्सअपवर मेसेज आला, घरबसल्या डेटा एन्ट्री, फॉर्म भरा, पाच दिवसात पाचशे फॉर्म, नव्वद टक्के बरोबर आले तर अठरा हजार. फोनवर बोलणारी मुलगी शुद्ध मराठीत, ताई-ताई करत, घाई नाही, दमदाटी नाही. रजिस्ट्रेशन १४९९ रुपये, काम झाल्यावर परत. मग आला करार, स्टॅम्प पेपरचं चित्र असलेला, त्यावर बोटानं सही करायची आणि आधार कार्डाचा फोटो पाठवायचा. लॉगिन मिळालं, आणि जावेनं खरंच काम केलं हो, रात्री बारापर्यंत बसून केलं. फॉर्म मुद्दाम असे बनवलेले की अक्षर पुसट, कुठं कॅपिटल कुठं स्मॉल, मध्येच दोन स्पेस, पत्त्याच्या शेवटी टिंब आहे का माशी बसलीय ते पण कळू नये. चूक काढायचीच असते ना त्यांना. शेवटच्या दिवशी लॉगिन उघडेना. फोन केला तर कस्टमर केअर बिझी. दुसऱ्या दिवशी निरोप, तुमचं काम नव्वद टक्क्याच्या खाली आलं, कराराप्रमाणं ५८०० रुपये दंड भरा.

आणि मग ती नोटीस. ती मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय म्हणून जरा सविस्तर लिहिते. पीडीएफ, वरती तराजूचं चित्र, शेजारी तीन सिंहांचा शिक्का, लाल अक्षरात फायनल लीगल नोटीस, सांगलीचं स्पेलिंग चुकलेलं, “आपल्यावर केस दाखल झाली आहे, आज संध्याकाळी पाचच्या आत रक्कम न भरल्यास आपल्या पतीच्या ऑफिसला व स्थानिक पोलीस स्टेशनला कळवण्यात येईल”, आणि सगळ्यात खाली क्यूआर कोड. वकिलाच्या नोटिशीला क्यूआर कोड! मला हसू आलं पण ती चपात्या लाटता लाटता हातातलं टाकून माझ्याकडं आलेली, पिठाच्या हातानंच फोन धरलेला, आणि विचारते काय तर “अक्का, मला अटक होईल का हो?” भाऊजींना सांगितलेलं नव्हतं. हे लबाड लोक बरोबर ओळखून असतात की बाईला जेलपेक्षा घरात कळण्याची भीती जास्त असते, म्हणून तर नोटिशीत पोलिसांच्या आधी नवऱ्याच्या ऑफिसचं नाव.

मी तो करार वाचला. त्यावर कंपनीचा पत्ता सुरतचा आणि जीएसटी नंबर ०९ नं सुरू होणारा. आता जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपलं महाराष्ट्र २७, गुजरात २४, आणि ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. पोर्टलवर तो नंबर टाकून बघितला तर भलत्याच कुणाच्या तरी नावावर, तो पण रद्द झालेला. हे बघायला फुकट आहे, लॉगिन लागत नाही, दोन मिनिटं लागतात. आणि १८७२ च्या करार कायद्यात कलम १९ मध्ये स्पष्ट आहे की फसवून करार करून घेतला असेल तर फसलेल्या माणसाला तो मोडता येतो. म्हणजे दंडबिंड काही भरायचं कारणच नव्हतं. हे मला माहिती आहे कारण माझं रोजचं काम त्या पोर्टलवर चालतं आणि शेजारच्या बिऱ्हाडात वकीलीणबाई आहेत. पण हे त्या डब्यातल्या रंगीत कागदावर का नव्हतं? एवढी जागा होती, निम्म्या कागदावर नेत्यांचे फोटो होते.

बाकीचे प्रकार थोडक्यात, तुम्हाला माहिती असतील. टेलिग्रामवर टास्क, म्हणजे व्हिडिओ लाईक करा, हॉटेलला स्टार द्या, पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे खरंच खात्यात येतात, मग प्रीपेड टास्क, मग पैसे अडकले, सोडवायला टॅक्स भरा, असं करत करत बाईचं सोनं गहाण पडेपर्यंत. नावाजलेल्या पेन्सिल कंपनीच्या नावानं घरी पॅकिंगचं काम, आधी गेट पासचे पैसे, मग गाडीभाड्याचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे “तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन देतो”. त्यात बाई पैसे गमावत नाही, आरोपी होते. तिच्या खात्यातनं दुसऱ्याच्या चोरीचा पैसा फिरतो, खातं गोठतं, आणि त्याच खात्यावर पोराची स्कॉलरशिप आणि लाडक्या बहिणीचे पैसे येत असतात.

हे सरकारला माहिती नाही असं पण नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं अशा पार्टटाईम कामाच्या नावानं फसवणाऱ्या शंभराच्या वर वेबसाईट बंद केल्या, आणि तेव्हाच सांगितलेलं की यांचं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त माणसं, बायका आणि बेरोजगार पोरं. वेबसाईट बंद झाल्या, पण गिऱ्हाईक आहे तसंच आहे, कारण त्याला काम पाहिजेच आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पोलीस स्टेशनची. कुठलं ते लिहीत नाही, कारण एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटायला नको. मी जावेबरोबर गेले होते. तिथले हवालदार माणूस म्हणून चांगले, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, दीड हजारासाठी काय गुन्हा नोंदवायचा, तुमचाही दिवस जाणार आणि आमचाही. ऑनलाईन तक्रार टाका आणि तो नंबर ब्लॉक करा.” ऑनलाईन टाकली. मोबाईलवर एक नंबर आला, त्यानंतर शांतता. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन चांगली आहे, मी सगळ्यांना सांगते, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते, पण बाईला आपण फसलोय हे कळायलाच पाच-सहा दिवस लागतात तिथं काय अडवणार. आणि दीड हजाराची किंमत नाही असं जे आहे ना, चोराचा सगळा धंदा त्याच्यावरच उभा आहे हे तुमच्या लक्षात कसं येत नाही? हा फॉर्म भरायला लावणारा चोर कधी दोन लाख मागतच नाही. तो हजार जणींकडनं दीड-दीड हजार घेतो, हजार वेगवेगळ्या गावात, आणि हजार ठाण्यांमध्ये त्या बायकांना हेच सांगितलं जातं की एवढ्याशासाठी कशाला. एका माणसाचे पंधरा लाख गेले असते तर पेपरात आलं असतं. इथं पंधरा लाखच गेलेत, पण तुकड्यात, म्हणून ते कुणाच्याच वहीत नाहीत.

१ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणं हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, ऑनलाईन दिली तर तीन दिवसात जाऊन सही करायची. फसवणुकीला अमुक रकमेच्या खाली सूट आहे असं कुठल्या कायद्यात नाही. हे आम्ही ठाण्यात जाऊन सांगायचं की तुम्ही सांगायचं?

दुसरी तक्रार रोजगार मेळाव्यांची. बोर्डावर “महिलांसाठी सुवर्णसंधी” आणि आत गेलं की टेबलावर विचारतात वय किती, गॅप का पडला, मुलं किती, रांजणगावला राहायला याल का. पोराची दुपारची शाळा सांगलीत आणि मी रांजणगावला. घरून काम आहे का विचारलं की तोंडाकडं बघतात, जसं काय मी फुकट पगार मागतेय. २०२० ला सगळ्या देशानं घरून काम केलं की हो, साहेब लोक वरती शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून मिटिंगा करत होते, तेव्हा ते काम होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं कॉल सेंटर आणि बीपीओवाल्यांची नोंदणीची कटकट काढून घरून काम करायची वाट मोकळी केली. मग मराठीतनं बोलायला सांगली-मिरजेची बाई का नाही? मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांना हे कुणी विचारतं का तरी?

तिसरी तक्रार नाही, खुलासा म्हणा. लाडक्या बहिणीचे १५०० येतात, त्यांचा अपमान मला करायचा नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरात त्याच पैशातनं गॅस येतो, आणि ते बंद करा असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण ही रक्कम सुरू झाल्यापासून एक गंमत बघितलीय का, या फसव्या कामांची रजिस्ट्रेशन फी बरोबर १४९९ असते. मला तरी हा योगायोग वाटत नाही. बाईच्या खात्यात आपल्या हक्काचे म्हणून जेवढे पडतात तेवढेच ते मागतात, कारण तेवढे तिला कुणाला न विचारता देता येतात. मुंबईहून पाठवलेले पैसे आमच्या खात्यात विसाव्याला थांबतात आणि पुढं चोराकडं जातात, असं चाललंय काही घरांमध्ये.

आणि पाळणाघर. यावर कुणी बोलतच नाही. २०१७ ला मातृत्व रजेचा कायदा बदलला, २६ आठवडे रजा, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर, आणि रजा संपल्यावर काम तसलं असेल तर मालकाशी ठरवून घरून काम, हे पण त्यात आहे. फार चांगला कायदा, पण तो नोकरी असलेल्या बाईला. पेठेतल्या पाच नोकरांच्या दुकानाला तो लागू नाही, आणि जिची नोकरी गेलीच तिला तर काहीच नाही. घरून काम असलं म्हणजे पाळणाघर नको असं समजू नका. मांडीवर पोर आणि कानाला हेडफोन असं रील बघायला गोड वाटतं, करून बघा. चार तास सलग मिळाले तर काम होतं, नाहीतर आठ तास नुसती ओढाताण.

आता काय पाहिजे ते.

जिल्ह्यात एक जागा पाहिजे, एक टेबल, एक माणूस, एक व्हॉट्सअप नंबर, जिथं बाईनं कामाची जाहिरात किंवा करार पाठवला की दोन दिवसात उत्तर येईल, ही कंपनी नोंदलेली आहे का, जीएसटी नंबर खरा आहे का, पत्ता जुळतो का. वर सांगितलं तसं, यात अवघड काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे. कौशल्य विकास आणि रोजगाराचं मार्गदर्शन केंद्र जिल्ह्यात आहे, सरकारचं नोकऱ्यांचं महास्वयं पोर्टल आहे, त्यालाच हे जोडा, नवीन इमारत बांधू नका. माणूस मिळत नसेल तर आमच्यातल्या चार जणी हे काम करतील, घरून करतील, मानधन द्या. आणि त्याच नंबरवरनं खऱ्या कामांची यादी दर आठवड्याला सोडा, पगार किती, तास किती, कुणाला फोन करायचा. लबाडाचा मेसेज दिवसातनं तीनदा येतो, तुमचा आठवड्यातनं एकदा तरी येऊ दे.

छोट्या रकमेच्या तक्रारी एकत्र करा. एकच मोबाईल नंबर, एकच खातं, एकच नोटीस वापरून जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या बायकांना फसवलं असेल तर ते एका जागी दिसलं पाहिजे आणि त्याचा एक गुन्हा झाला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही अशी अट आहे, म्हणजे प्रत्येक ठाण्यावर ताण येतो हे मला समजतं, म्हणून तर एकत्र करा म्हणतेय. ठाण्यात गेलेल्या बाईला पोच मिळाली पाहिजे, शिक्क्यासहित. आणि खोटी नोटीस आलेल्या बाईला तिथल्या तिथं कुणीतरी सांगावं की हे खोटं आहे, घरी जा, जेवण कर. याला तर पैसे पण लागत नाहीत.

तुमचं स्वतःचं काम आम्हाला द्या. टायपिंग, जुन्या कागदांचं स्कॅनिंग झाल्यावरची नोंद, सभांची इतिवृत्तं, मराठी भाषांतर, हे सगळं कुठल्या तरी ठेकेदाराकडं जातं आणि ठेकेदार कुणाकडनं तरी करून घेतो. त्यातला काही भाग माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेदच्या बचत गटांमार्फत घरून करणाऱ्या बायकांना द्या, दर ठरवून, पंधरा दिवसात पैसे. पापड-लोणच्याला विरोध नाही माझा, पण बीएस्सी झालेल्या बाईला प्रत्येक शिबिरात पापडच का लाटायला शिकवता? आपल्या बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे सत्कार झाले, फ्लेक्स लागले. आता ती हळद आणि बेदाणा ऑनलाईन विकायचा तर फोटो, माहिती, ऑर्डरी, तक्रारीचे फोन, बिलं, हे करायला माणसं लागतातच की. तासगावचा माल आणि त्याचं ऑफिस बंगळुरात, असं नको. मिरजेत एवढे दवाखाने, त्यांच्या बिलांचं, इन्शुरन्सच्या कागदांचं काम आहे. दवाखानेवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना एकदा एका खोलीत बसवा, तुम्ही बोलावलं तर येतात, आम्ही बोलावलं तर येत नाहीत.

तालुक्याला एक खोली द्या, निदान जत, आटपाडी, शिराळा इथं तरी आधी, कारण सांगली-मिरजेत नेट बरं आहे. चांगलं इंटरनेट, इन्व्हर्टर, दहा खुर्च्या आणि शेजारी पोरांना सांभाळायला एक खोली. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये ‘पाळणा’ म्हणून योजना आहेच, अंगणवाडीला जोडून पाळणाघर. आपल्या जिल्ह्यात ती किती ठिकाणी चालू आहे, किती वाजेपर्यंत उघडी असते आणि शहरात का दिसत नाही, ते जाहीर करा.

कंपन्यांना सांगा की मेळाव्यात घरून कामाचं वेगळं टेबल लावा आणि “मुलं किती” हा प्रश्न बंद करा. पुरुषाला कुणी विचारत नाही.

खासदारसाहेबांना एक वेगळं काम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा १७७ नंबरचा करार आहे, घरी बसून मजुरीवर काम करणाऱ्यांना कारखान्यातल्या कामगारासारखीच वागणूक मिळावी म्हणून. भारतानं तो अजून मान्य केलेला नाही. दिल्लीत एक प्रश्न विचारा, का केला नाही म्हणून. उत्तर काय येतं ते आम्हाला कळवा.

पालकमंत्री हे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, म्हणून त्यांना विनंती की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आयत्या वेळच्या विषयात नको, तिथं चहा येईपर्यंत सगळं मंजूर होतं आणि कुणाला काही आठवत नाही. उत्तर लेखी द्या. आणि बैठकीत आमच्यातल्या दोघी-तिघींना पण बोलवा, फोटोला नको, बोलायला. फक्त वेळ सकाळी दहा ते बाराची ठेवा, त्यानंतर शाळा सुटते, आणि २० तारीख सोडून कुठलीही तारीख चालेल.

आपली,
एक हिशेबनीस आणि एका पोरीची आई
विश्रामबाग, सांगली